शाळेतील ‘दिवस’ आणि गैरहजर मूल

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यातील खासगी प्राथमिक शाळांतून अलीकडे एक नवे पंचांग रूढ झाले आहे. त्यात तिथी नाहीत, ‘डे’ आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की ‘यलो डे’ येतो. त्यामागून ‘ग्रीन डे’, ‘फ्रूट डे’, ‘रेनी डे’, ‘ग्रँडपेरेंट्स डे’, वेशभूषेचा दिवस, आणि दोघा मित्रांनी एकसारखे कपडे घालून यायचा ‘ट्विन डे’. आदल्या दिवशी पालकांच्या मोबाईलवर सूचना येते की, उद्या मुलाने अमुक रंगाचा पोशाख घालावा, डब्यात अमुक पदार्थ आणावा, हातात अमुक वस्तू असावी. दुसऱ्या दिवशी वर्ग एका रंगात रंगतो, छायाचित्रे निघतात, ती पालकांकडे पाठविली जातात आणि पुढील वर्षीच्या प्रवेशाच्या फलकावरही झळकतात. जिल्हा परिषदेच्या शाळाही या वाऱ्यापासून आता अलिप्त राहिलेल्या नाहीत.

पक्षाच्या कार्यकर्त्याला हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ज्या जिल्ह्यात वाढवण बंदराचा प्रश्न पेटलेला आहे, बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या आहेत, वनहक्काचे दावे पडून आहेत आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे कंत्राटीच राहतो, तेथे पिवळ्या सदऱ्याची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, वर्ग म्हणजे काय आणि आपण कोणत्या वर्गाचे आहोत, हे या पट्ट्यातील मुलाला कारखान्याच्या दाराशी प्रथम कळत नाही. ते त्याला सहाव्या-सातव्या वर्षी शाळेत कळते. आणि ते कळण्याचा सर्वांत सोपा मुहूर्त म्हणजे शाळेतील हा आनंदाचा दिवस.

प्रथम या प्रथेच्या मूळ हेतूला न्याय दिला पाहिजे. रंगांच्या दिवसांचा उगम बालवाडीत आहे. लहान मुलाला रंग ओळखता यावा म्हणून एक दिवस त्या रंगाच्या वस्तू गोळा करणे ही शिकवण्याची रीत म्हणून मुळीच वाईट नाही. दुसरी परंपरा अमेरिकेतील शाळांतून आली. तेथे शाळेच्या सामन्याच्या आठवड्यात ‘स्पिरिट वीक’ पाळतात. रोज एक ठरीव वेश असतो, आणि आपण सारे एका शाळेचे आहोत ही भावना त्यातून जागी व्हावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे एकीकडे शिकणे आणि दुसरीकडे एकोपा, असे हे दोन हेतू आहेत. दोन्ही स्वागतार्ह आहेत. प्रश्न एवढाच की, आपल्याकडे ही प्रथा ज्या रूपाने रुजली आहे, त्या रूपात या दोहोंपैकी कोणता हेतू साधतो?

येथे गणवेशाचा विचार करावा लागतो. शाळेला गणवेश कशासाठी असतो? शिस्तीसाठी असतो, असे मुख्याध्यापक सांगतात. पण त्याचे खरे सामाजिक मूल्य निराळे आहे. जगात जी विषमता आहे ती निदान शाळेच्या पाच-सहा तासांत मुलाच्या अंगावर दिसू नये, याची ती एक साधी, शहाणपणाची तजवीज आहे. कारखान्यातील अधिकाऱ्याचा मुलगा आणि त्याच कारखान्यातील हमालाचा मुलगा यांच्यातील अंतर गणवेश मिटवू शकत नाही. तो ते झाकतो. रंगाचा दिवस नेमके हे झाकण काढतो. त्या दिवशी कोणाचा पिवळा सदरा नवा आहे, कोणाचा थोरल्या भावाचा ढगळ आहे, कोणाचा विटून पांढरट झाला आहे आणि कोण नेहमीचा गणवेश घालून आला आहे, हे चाळीस मुले एका दृष्टिक्षेपात वाचतात. मुलांइतकी तीक्ष्ण नजर या बाबतीत कोणाचीच नसते. एकोप्यासाठी योजलेला दिवस अशा रीतीने वर्षातील सर्वांत मोठ्या भेदाचा दिवस ठरतो.

बोईसरची सामाजिक रचना ध्यानात घेतली तर याची धार अधिक कळते. १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूरला सुरू झाले. बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि कापड, पोलाद, रसायने, औषधे यांचे कारखाने आले. त्यांच्यामागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात आणि आपल्याच राज्यातील दुष्काळी जिल्हे येथून माणसे आली. रेल्वे स्थानकाच्या दोन्ही अंगांना भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. शेजारी मच्छीमारांची गावे आहेत, वाडवळांच्या बागा आहेत, वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. एका वर्गात पाच-सहा मातृभाषा बोलणारी मुले बसतात, असे चित्र येथे सर्रास आढळते. एवढ्या विविध घरांतून आलेल्या मुलांना एकत्र बांधू शकेल अशी गावातली एकमेव सार्वजनिक जागा म्हणजे प्राथमिक शाळा.

आता कंत्राटी कामगाराच्या खोलीत ती सूचना पोहोचते तेव्हा काय होते, ते पाहू. बापाची दुसरी पाळी असते. तो रात्री उशिरा परततो. आई पॅकिंगच्या कामाला जाते किंवा चार घरची धुणीभांडी करते. मोबाईल बहुधा बापाच्या खिशात असतो. म्हणून सूचना वाचली जाते तेव्हा दुकाने बंद झालेली असतात. दुकाने उघडी असली तरी एका दिवसापुरत्या पोशाखासाठी किती खर्च करावयाचा? ज्याची मजुरी हजेरीवर ठरते, त्याला असे आठ-दहा दिवस वर्षातून पेलत नाहीत. मग मूल सकाळी पोटात दुखते म्हणून सांगते आणि आईला ते खोटे आहे हे ठाऊक असूनही ती मान्य करते, कारण दोघांनाही लाज टाळावयाची असते. हजेरीपटावर गैरहजेरीची एक खूण पडते. छायाचित्रात मात्र ही खूण दिसत नाही. तेथे सारा वर्ग हसरा आणि एकरंगी असतो. आजी-आजोबांच्या दिवशी तर ज्याचे आजी-आजोबा दरभंग्याला किंवा गंजामला आहेत त्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याच सूचनेत नसते. पालकांनी कार्यक्रमाला दुपारी हजर राहावे अशी अपेक्षा असते, तेव्हा हजर राहणाऱ्या कामगाराचा तेवढा रोज बुडतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या बाराव्या कलमान्वये खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या जातात. ही तरतूद सैल करण्याचा प्रयत्न २०२४ साली राज्यात झाला. सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला या बंधनातून सूट देणारी दुरुस्ती करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्दबातल ठरविली. हा विजय मोलाचा आहे. परंतु प्रवेश मिळणे आणि त्या वर्गाचे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याच्या कर्त्यांना याची जाणीव होती. म्हणूनच केंद्राने २०१० साली केलेल्या आदर्श नियमांत असे म्हटले आहे की, या मुलांना वर्गात वेगळे बसवू नये, आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय यांबरोबरच अभ्यासेतर उपक्रम व खेळ यांतही त्यांच्याबाबत भेदभाव करू नये. अभ्यासेतर उपक्रमांचा हा उल्लेख आपल्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवावा. ज्या उपक्रमात भाग घेण्यासाठी बाजारात जावे लागते, तो उपक्रम कोणालाही दाराबाहेर उभे न करता भेदभाव करतो.

खासगी शाळांवर टीका करून थांबणे मात्र अर्धवट ठरेल. जिल्हा परिषदेच्या शाळांतही दिवसांचा सुकाळ आहे. फक्त तेथे ते बाजारातून येत नाहीत, परिपत्रकातून येतात. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिन, यांखेरीज स्वच्छतेचे पंधरवडे, वृक्षारोपणाचे सप्ताह आणि निरनिराळ्या शपथा. यांतील प्रत्येक प्रसंगाचे महत्त्व निर्विवाद आहे. पण परिपत्रकाबरोबर छायाचित्र पाठविण्याचा आदेशही येतो, आणि मग दिवस पाळला गेला की नाही हे मुलाच्या मनावरून ठरत नाही, वरिष्ठांकडे पोहोचलेल्या छायाचित्रावरून ठरते. दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींचा त्या दिवसाचा बराच वेळ फलक रंगविण्यात आणि अहवाल भरण्यात जातो. संविधान दिनी मुले उद्देशिका एका सुरात म्हणतात. तीतील ‘समाजवादी’ या शब्दाचा अर्थ काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला उत्तर देण्यास कोणाजवळ उसंत नसते. आश्रमशाळांची स्थिती याहून चमत्कारिक असते. तेथे पाहुणे आले की मुलांना तारपा नाचावयास लावतात. पाहुणे गेले की त्याच मुलांची घरची बोली वर्गात अशुद्ध ठरते.

२०२४ साली राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. आठवड्यातून एक दिवस पाठ्यपुस्तकाच्या जाचातून मुलाला सोडवावे, ही कल्पना चांगली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचविले आहे. म्हणजे शाळेत उपक्रमांना जागा असावी की नसावी, हा वाद संपलेला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमातही कृतीतून, शोधातून आणि बालस्नेही रीतीने शिकविण्याचा आदेश आहे. वाद आहे तो या जागेत काय भरावयाचे आणि ते कोणाच्या खिशातून, याविषयी. या वादाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेकडे किंवा मंत्रालयाकडे पाहण्याची गरज नाही. ते याच जिल्ह्यात, बोईसरपासून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर, पाऊणशे वर्षांपूर्वी शोधले गेले आहे.

१९४५ हे वर्ष या भागाच्या इतिहासात दुहेरी अर्थाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतमजूर हजारोंनी जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी जमीनदारांची वेठ नाकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मोठ्यांनी वेठ झुगारणे आणि लहानांनी शिकू लागणे, या दोन्ही गोष्टी एकाच परिसरात, एकाच वर्षी, एकमेकींपासून स्वतंत्रपणे घडल्या. त्यांचे राजकीय विचार भिन्न होते आणि त्यांच्यात एकवाक्यता होती असे म्हणता येणार नाही. तरीही आज मागे वळून पाहताना या दोन प्रवाहांना एकमेकांची गरज होती, हे आपल्याला दिसते.

ताराबाई पूर्वी भावनगरला होत्या. तेथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, आणि १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. माँटेसरीबाईंच्या पद्धतीवर त्यांची श्रद्धा होती. पण त्या पद्धतीची साधने महाग होती आणि ती शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच राहिली होती. बोर्डीला ताराबाईंना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ साली निधन होईपर्यंत, या कामाला वाहिली. १९५७ साली केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी मुले हेच त्याचे मुख्य क्षेत्र झाले.

कोसबाडने काय केले? जी मुले शाळेपर्यंत येत नव्हती त्यांच्या वस्तीतल्या अंगणातच शाळा भरविली. तिला अंगणवाडी म्हटले. आज देशभर हा शब्द एका सरकारी योजनेमुळे घरोघरी माहीत आहे. ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, परंतु शब्दामागची दृष्टी त्याआधीची आणि या मातीतली आहे. जी मुले गुरे राखावयास जात होती त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा झाली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून जी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. महागड्या साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया, माती, बांबू आले. मोजणी चिंचोक्यांवर झाली, रंग फुलांवरून आणि पानांवरून ओळखले गेले. पिवळा रंग शिकण्यासाठी कोणाला पिवळा सदरा विकत घ्यावा लागला नाही. पावसाळा सरता सरता सोनकीने पिवळे झालेले माळ त्यासाठी पुरेसे होते.

या साऱ्या प्रयोगांत एक सूत्र होते. मूल गैरहजर असेल तर दोष मुलाचा किंवा आईबापांचा मानावयाचा नाही. शाळेच्या रचनेत कोठे अडथळा आहे ते शोधून तो दूर करावयाचा. मूल येत नाही तर शाळा जाईल. साधन परवडत नाही तर साधन बदलेल. वेळ जुळत नाही तर वेळ बदलेल. याच वृत्तीने पुढे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात वसई भागात ‘विधायक संसद’च्या कार्यकर्त्यांनी वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून जी कुटुंबे भट्टीवर येतात त्यांची मुले तेथील झोपड्यांतच, म्हणजे भोंग्यांतच, शिकू लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुतार्ईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाने आज भाषणेही होतात. पण त्यांचे सूत्र मात्र आपल्या शाळांतून हद्दपार होत चालले आहे, आणि त्याची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे हा रंगांचा बाजार.

हे सूत्र आजच्या ‘दिवसां’ना लावले तर दोन कसोट्या हाती येतात. पहिली कसोटी अशी की, त्या दिवसासाठी कोणत्याही घराला काहीही विकत आणावे लागू नये. दुसरी अशी की, त्या दिवसाच्या विषयासंबंधी वर्गातील गरिबातल्या गरीब घराला काहीतरी ठाऊक असले पाहिजे, आणि ते शाळेत आणून सांगता आले पाहिजे. पहिल्या कसोटीने लाज टळते. दुसरीने त्याहून मोठी गोष्ट घडते: जे मूल नेहमी घेणारे असते ते त्या दिवशी देणारे होते.

अशा दिवसांची या पट्ट्यात वाण नाही. पहिल्या पावसानंतर रानात कोवळ्या भाज्या उगवतात. त्या कोणत्या, कोठे मिळतात, कशा ओळखावयाच्या आणि कोणती विषारी, हे वारली आणि कातकरी घरातील पोरीला शिक्षकापेक्षा अधिक कळते. रानभाज्यांचा एक दिवस ठेवला तर त्या दिवशी वर्गाची गुरू तीच होईल. आवणीच्या दिवसांत रोपे कशी उपटावयाची, राब का भाजतात, मुठी कशा बांधतात, हे शेतमजुराचे मूल करून दाखवील. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर येथील मुलांना भरती-ओहोटीचे गणित आणि बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलाचे अर्थशास्त्र माहीत असते. भूगोलाच्या पुस्तकातील दोन पाने त्यांच्याकडून जितकी समजतील तितकी नकाशावरून समजणार नाहीत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती ज्या चित्रांसाठी, ती चित्रे आज मोठ्या हॉटेलांच्या आणि शाळांच्याही भिंतींवर छापील रूपात असतात. पण तांदळाच्या पिठाने भिंत लिहिणारी बाई पाड्यावरून शाळेत सन्मानाने बोलाविली गेली आणि तिच्या मुलाने वर्गाला तिची ओळख करून दिली, असे कितीदा घडते? बोईसरच्या चाळीतील शाळेत एक दिवस घरोघरच्या भाषांचा असावा. ‘पाणी’ या वस्तूला ओडिया, भोजपुरी, गुजराती, वारली बोलीत काय म्हणतात, याचा एक तक्ता मुलांनीच भिंतीवर लिहावा. त्याला एका खडूपेक्षा अधिक खर्च नाही.

आणखी एक दिवस तारापूरने आवर्जून पाळला पाहिजे. येथील रासायनिक कारखान्यांत स्फोट आणि वायुगळतीच्या घटना पुनःपुन्हा घडतात. जानेवारी २०२० मधील स्फोटात माणसे दगावली. कारखान्याच्या कुंपणापासून जवळ राहणाऱ्या मुलाला भोंगा झाला तर काय करावे, वारा कोणीकडून वाहतो ते कसे ओळखावे, कोणत्या दिशेला धावावे, ओले फडके नाकाला का लावावे, हे शिकविणारा दिवस कोणत्याही रंगाच्या दिवसापेक्षा अधिक निकडीचा आहे. त्या दिवशी कारखान्यात काम करणारे बाप आणि आया यांनी वर्गात येऊन आपण काय बनवितो, कोणते पिंप कशासाठी असते, कोणते चिन्ह धोक्याचे असते, ते सांगावे. ज्या बापाला कारखान्यात कोणी विचारत नाही, त्याला आपल्या मुलाच्या वर्गात जाणकार म्हणून उभे राहताना पाहणे, हेही त्या मुलाचे शिक्षण आहे. मात्र असा कार्यक्रम कामगाराच्या सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी बदलण्याच्या वेळेनुसार ठेवावा लागेल, आणि त्यासाठी शाळेने आपले घड्याळ थोडे पुढे-मागे करण्याची तयारी दाखविली पाहिजे.

आणि एक दिवस तर पालघरने स्वतःच्या रक्ताने लिहून ठेवला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी, ‘चले जाव’च्या ठरावानंतर सहाव्या दिवशी, पालघरच्या कचेरीवर गावोगावचे मोर्चे चालून आले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले: काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरचा हुतात्मा स्तंभ या पाचांची आठवण जागवितो. ही पाच नावे मुलांनी नुसती वाचली तरी त्यांच्या ध्यानात येईल की, ही एका जातीची, एका आळीची नावे नाहीत. त्यांत एक तिवारी आहेत. बोईसरच्या वर्गात ज्या मुलाला ‘भैया’ म्हणून हिणविले जाते, त्याला हे नाव स्वतः वाचू द्यावे. आपण येथे उपरे आहोत की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या स्तंभावर मिळेल, आणि हिणविणाऱ्यालाही मिळेल. शाळेविषयी, गावाविषयी अभिमान जागवावयाचा असेल तर त्यासाठी यापेक्षा सबळ निमित्त कोणते? या दिवसासाठी पोशाख लागत नाही. चालत जाणे, नावे वाचणे आणि गावातील वृद्धांना प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणणे, एवढेच लागते.

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, समाजवाद्यांना मुलांचा आनंद पाहवत नाही. नटणेमुरडणे हा बालपणाचा हक्क आहे. हे खरेच आहे, आणि मजुराच्या मुलालाही एक दिवस राजा व्हावेसे वाटते. म्हणूनच वेशभूषा बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ती शाळेत, सर्वांच्या समोर, शाळेने पुरविलेल्या कागदापासून आणि पानाफुलांपासून घडवावी. मुकुट घरून विकत आणला तर तो बापाच्या खिशाचा असतो. वर्गात कागद कापून केला तर तो मुलाच्या हाताचा असतो. बोहाड्याचे मुखवटे घडविणारी परंपरा ज्या जव्हार-मोखाड्यात आहे, तेथील मुलांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. चाळीतील आई म्हणते, माझ्या मुलाने पाड्यावरच्या भाज्या शिकण्यासाठी मी पोटाला चिमटा काढून फी भरत नाही; त्याने साहेबांच्या मुलासारखे व्हावे म्हणून भरते. या आकांक्षेची थट्टा करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. पण तिला हे दाखवून देता येईल की, ‘डे’ साजरे केल्याने तिचा मुलगा साहेबांच्या मुलासारखा होत नाही. तो त्याच्याशेजारी उभा राहून आपण कमी आहोत एवढेच शिकतो. जो मुलगा वर्गापुढे उभा राहून आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट न अडखळता सांगतो, त्याची भीड मोडते, आणि इंग्रजी असो की गणित, पुढचे शिक्षण त्या मोडलेल्या भिडेवर उभे राहते. तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे की, आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात ही भर कशाला? त्यांना उत्तर असे की, दिवस वाढवावयाचे नाहीत. कमी करावयाचे आहेत. परिपत्रकातील वीस दिवस घाईने उरकण्यापेक्षा चार दिवस मनापासून करणे, हा शिक्षकाचाही हक्क आहे, आणि छायाचित्रांचा तगादा थांबविण्याच्या मागणीत आपण शिक्षक संघटनांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे? शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या समित्या बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या उरल्या आहेत. आपले जे कार्यकर्ते आणि हितचिंतक पालक आहेत त्यांनी या समित्यांत जावे, पाड्यावरच्या आणि चाळीतल्या आयांना घेऊन जावे, आणि शैक्षणिक वर्षाच्या पहिल्याच बैठकीत तीन ठराव मांडावे. वर्षभरातील उपक्रमांचे दिवस जूनमध्येच ठरवून फलकावर लावावे. कोणत्याही उपक्रमासाठी पालकांना वस्तू किंवा पोशाख विकत आणण्यास सांगू नये. लागेल ते साहित्य शाळेने द्यावे. आणि प्रत्येक उपक्रमानंतर त्या दिवशीचा हजेरीपट समितीपुढे ठेवून कोण गैरहजर होते व का, याची चौकशी व्हावी. खासगी विनाअनुदानित शाळांत अशी समिती नसते. तेथे पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांच्या पालकांनी एकेकट्याने तोंड उघडणे कठीण आहे. तेथे त्यांच्या बाजूने कामगार संघटनेने लेखी निवेदन द्यावे आणि त्यात अभ्यासेतर उपक्रमांविषयीच्या नियमाचा स्पष्ट उल्लेख करावा.

या कामाला मोठे साधन लागत नाही, मोर्चाही लागत नाही. चार पालकांनी हजेरीपट मागितला, तरी त्याची सुरुवात होते. ज्या दिवशी शाळेने आनंद साजरा केला त्या दिवशी हजेरी नेहमीपेक्षा वाढली असेल तर तो दिवस खुशाल पुढील वर्षीही ठेवावा. ती घटली असेल तर तो दिवस कोणासाठी होता, हे वेगळे विचारण्याची गरज उरणार नाही. तो बदलण्याची मागणी त्याच बैठकीत करावी, आणि १४ ऑगस्टपासून आरंभ करावा.